सार्वजनिक कला आणि सलोख्याचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुरावलेल्या माणसांनी मिळून काही रंगवावं, घडवावं आणि त्या निमित्तानं बोलतं व्हावं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्याकडून सतत येणारे हे प्रश्न आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सार्वजनिक कला म्हणजे भिंतीवरची चित्रंच ना?

तेवढीच नव्हेत. तिकीट न काढता, कुणाची परवानगी न मागता, येता-जाता जी दिसते, ऐकू येते किंवा हाताळता येते ती सगळी सार्वजनिक कला. भित्तिचित्र, पुतळा, पदपथात बसवलेली पाटी, रात्री इमारतीवर टाकलेलं प्रक्षेपण, चौकात एका दिवसापुरत्या मांडलेल्या खुर्च्या, हे सगळं त्यात येतं. १९८७ मध्ये एड्सनं गेलेल्या माणसांच्या आठवणीत त्यांच्या आप्तांनी आणि मित्रांनी शिवलेले १,९२० कापडी तुकडे वॉशिंग्टनच्या मैदानावर अंथरले गेले, तेही याच जातीचं काम होतं.

भिंत जास्त वापरली जाते, कारण ती आयती उभी असते आणि रोजच्या वाटेवर असते. पण भिंतच हवी असा हट्ट धरू नका. माध्यम कोणतं ते लोकांशी बोलून झाल्यावर ठरवा (प्रश्न ३).

२. चित्र काढून कुठं भांडणं मिटतात का?

नुसत्या चित्रानं नाही मिटत. जमिनीचा वाद, खुनाचा खटला, वर्षानुवर्षं डावललं गेल्याची तक्रार यांचा निकाल भिंतीवर लागत नाही, आणि लागेल असं कुणाला सांगूही नये.

होतं ते वेगळंच. एरवी एकमेकांकडे ‘ते लोक’ म्हणून पाहणारी माणसं काही आठवडे एकाच कामाला जुंपली जातात, आणि त्या कामात त्यांचं एकमेकांवाचून अडतं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं की दोन गटांची नुसती गाठभेट पुरेशी नसते. त्या भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला सहकार्य करावं लागावं आणि ज्यांचा शब्द चालतो त्यांचा पाठिंबा हवा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एकूणच भेटीगाठींनी पूर्वग्रह कमी होतो, आणि या अटी पाळल्या तिथे तो अधिक कमी होतो, असं त्यातून दिसलं.

मिळून केलेल्या भित्तिचित्रात या चारही अटी पुऱ्या होऊ शकतात, पण त्या आपोआप होत नाहीत. एका गटाचे लोक कल्पना सुचवणार आणि दुसऱ्या गटाचे लोक बादल्या उचलणार अशी वाटणी झाली, की दर्जाची पहिलीच अट मोडते. चित्रात मैत्री दिसते आणि परांचीवर जुनीच उतरंड चालू राहते. म्हणून माझा भर कायम चित्राच्या आधीच्या आणि चित्र होत असतानाच्या दिवसांवर असतो. खरं काम तिथे होतं.

३. सुरुवात कुठून करायची? आधी भिंत शोधायची की चित्रकार?

आधी माणसं शोधा. भिंत आणि चित्रकार आधी ठरले तर बैठका फक्त होकार मिळवण्यासाठी घेतल्या जातात, आणि लोकांना ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

पुढाऱ्यांना भेटणं भाग आहे. त्यांना टाळलंत तर ते काम अडवू शकतात. पण तिथेच थांबू नका. ज्याचं दार त्या भिंतीसमोर उघडतं तो माणूस, संध्याकाळी तिथे बसणारी पोरं, त्या रस्त्यानं कामावर जाणाऱ्या बायका, समोरचा दुकानदार, जिन्यावर बसून सगळं पाहणाऱ्या आजी, या सगळ्यांना भेटा. प्रत्येकाला शेवटी एकच विचारा: ‘अजून कुणाशी बोलायला हवं?’ तीच तीच नावं परत यायला लागली की पहिली फेरी पुरी झाली असं समजा. आणि जी नावं दोन्हीकडचे लोक घ्यायचं टाळतात ती वेगळी टिपून ठेवा. त्यांच्याकडे शेवटी का होईना, जायचंच असतं.

किती वेळ लागतो? रंगकामाला जितका लागेल त्याच्या कितीतरी पट. पैसे देणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा (प्रश्न १५).

४. बैठकीत नेमकं बोलायचं काय? ‘शांतता म्हणजे काय’ असं विचारलं की सगळे गप्प बसतात.

बसणारच. तसा प्रश्न परीक्षेतला वाटतो आणि लोक पाठ केलेली उत्तरं देतात. छोटं आणि जागेला धरून विचारा. कोणत्या गल्लीतून जायचं तुम्ही टाळता? केव्हापासून? दिवेलागणीनंतर कोणत्या आवाजानं दचकायला होतं? इथे पूर्वी काय होतं जे आता नाही?

मला सर्वांत उपयोगी वाटतो तो नकाशा. परिसराचा कोरा नकाशा मोठ्या कागदावर काढून घ्या आणि दोन्ही गटांना आपापली प्रत द्या. जिथे निर्धास्त जाता तिथे हिरवा, जिथे जात नाही तिथे लाल रंग भरायला सांगा. मग दोन्ही कागद शेजारी टांगा. एकाचा हिरवा भाग हाच दुसऱ्याचा लाल भाग असतो हे अपेक्षितच आहे. पण बहुधा एखादी जागा दोघांच्याही कागदावर लाल निघते, एखादी दोघांच्याही कागदावर हिरवी. दवाखान्याचं आवार, बसथांबा, पाण्याची टाकी असं काही. बोलणं तिथून सुरू होतं, आणि कित्येकदा कामाची जागाही तीच ठरते.

दोन पथ्यं पाळा. बैठक चालवणारा आणि चित्रकार या दोन वेगळ्या व्यक्ती असू द्या. चित्रकाराच्या डोक्यात ऐकता ऐकताच चित्र तयार व्हायला लागतं आणि मग तो हवं तेवढंच ऐकतो. दुसरं, माणूस बोलला ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. ‘आमच्या पोरांना तिकडे हाकलतात’ याचं ‘युवकांमध्ये असुरक्षिततेची भावना’ असं करून टाकलंत, तर तो पुढच्या बैठकीला येणार नाही.

५. दोन्ही बाजू एका खोलीत बसायलाच तयार नाहीत. मग?

मग बसवू नका. घाईनं घडवलेली पहिली भेट बिघडली की दुसरी होत नाही. आधी वेगवेगळ्या बैठका घ्या आणि एकीकडचं दुसरीकडे न्या, अर्थात सांगणाऱ्याची परवानगी घेऊन आणि नाव गाळून. जेआर या फ्रेंच कलाकारानं सहकाऱ्याबरोबर २००७ मध्ये इस्रायली आणि पॅलेस्टिनी माणसांचे प्रचंड मोठे छायाचित्रित चेहरे जोडीजोडीनं, दोन्हीकडच्या शहरांत आणि मधल्या भिंतीवर लावले. एकच व्यवसाय करणारे दोघं शेजारी शेजारी. त्यातला कोण कुठला हे पाहणाऱ्याला चटकन सांगता येत नव्हतं. माणसं समोरासमोर बसवणं शक्य नव्हतं तिथे चेहरे बसवले गेले.

काही वेळा शेवटपर्यंत एक चित्र होतच नाही. तेही चालतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात तुरुंगातले कैदी आणि गुन्ह्यांची झळ सोसलेली माणसं यांना एकत्र आणणाऱ्या प्रकल्पातून दोन भित्तिचित्रं झाली: एक पीडितांचा प्रवास, दुसरं कैद्यांचा. ओढूनताणून एक करण्यापेक्षा दोन प्रामाणिक चित्रं बरी.

माणसांच्या जिवाला धोका असेल तर कामाची रचनाच वेगळी लागते. ज्युडी बाका यांनी १९७० च्या सुमारास लॉस एंजलिसमध्ये चार वैरी टोळ्यांतल्या तरुणांना घेऊन भित्तिचित्र केलं, तेव्हा विरोधी टोळीचं कुणी येताना दिसलं तर इशारा द्यायला पहारेकरी नेमले होते. हीच पद्धत वाढत जाऊन पुढे त्याच शहरात पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर अर्ध्या मैलाचं चित्र उभं राहिलं. त्यावर ४०० हून अधिक तरुणांनी काम केलं आणि त्यांतले कित्येक पोलिसांच्या नोंदीत असलेले होते.

६. कबूतर, ऑलिव्हची फांदी, हातात हात असं काढलं तर चालेल का?

लोकांनी खूप बोलून तेच मागितलं तर जरूर काढा. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन समाजांत दुभंगलेल्या उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत मॉरिस हॅरन यांचं १९९२ चं शिल्प आहे: दोन माणसं एकमेकांकडे हात पुढे करून उभी, पण हात अजून मिळालेले नाहीत. कल्पना ओळखीचीच आहे, तरी ते मधलं अंतर त्या गावाचं स्वतःचं आहे. फिलाडेल्फियाच्या ग्रेज फेरी भागात १९९७ मध्ये वांशिक हिंसा झाल्यावर जेन गोल्डन आणि पीटर पॅगास्ट यांनी रहिवाशांबरोबर केलेल्या चित्रातही एकमेकांवर ठेवलेले हातच आहेत, वेगवेगळ्या वर्णांचे. ते हात त्या वस्तीतल्या माणसांचे आहेत, म्हणून ते चित्र तिथलं झालं.

बैठक न घेता काढलेलं कबूतर मात्र कुणाचंच होत नाही. त्यावर कुणी भांडत नाही, कारण कुणी त्याकडे पाहतच नाही.

उलट टोकाचा मार्गही आहे. बोस्नियातल्या मोस्तार शहरात युद्धानंतर प्रत्येक पुतळा कुठल्या ना कुठल्या बाजूचा ठरत होता. म्हणून तिथल्या काही तरुणांनी २००५ मध्ये चक्क ब्रूस लीचा पुतळा बसवला: सगळ्यांच्या बालपणातला, आणि कुणाच्याच जातकुळीचा नसलेला. तो पवित्र्यात उभा असल्यामुळे पूर्वेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या वस्तीवर रोखलेला वाटू नये म्हणून त्याचं तोंडही विचार करून उत्तरेकडे केलं होतं. पुतळ्याची लगेच मोडतोड झाली हेही खरं (त्याबद्दल प्रश्न १३). तरी तोंड कुठं असावं इतका विचार करणारी माणसं मला या कामात आदर्श वाटतात.

७. आमच्यापैकी कुणालाच चित्र काढता येत नाही. लोकांनी नुसतं बघत बसायचं का?

मुळीच नाही. फिलाडेल्फियात रुळलेली पद्धत यासाठी फार सोयीची आहे. चित्र थेट भिंतीवर न काढता पातळ, न विणलेल्या कापडावर करतात. कापडाचे साधारण पाच फुटी चौकोन कापतात आणि मूळ चित्र त्या चौकटींत मोठं करून प्रत्येक तुकड्यावर रेषा उतरवतात. रेषांमधल्या प्रत्येक कप्प्यात रंगाचा क्रमांक लिहितात. मग त्या क्रमांकाच्या डब्यातला रंग त्या कप्प्यात भरायचा, एवढंच. ज्यानं आयुष्यात कुंचला धरला नाही त्यालाही हे जमतं. परांचीवर चढता न येणारी म्हातारी माणसं, चाकाच्या खुर्चीवरचं मूल, तुरुंगातला कैदी, सगळे टेबलाशी बसून रंगवू शकतात. शेवटी हे तुकडे ॲक्रिलिक जेलनं भिंतीवर कागदासारखे चिकटवतात आणि सांधे रंगवून मिटवतात.

यात आणखी एक गोष्ट साधते. एक चौकोन रंगवायला दोघं-तिघं लागतात आणि तासाभराचं काम असतं. समोरासमोर बोलायला अवघडणारी माणसं शेजारी बसून, नजर कापडावर ठेवून, बरंच काही बोलून जातात. कोण कुणाशेजारी बसणार हे नशिबावर सोडू नका, आधी ठरवून ठेवा.

भिंतीची तयारी मात्र जाणकाराकडून करून घ्या. ओल असलेल्या भिंतीवर कितीही चांगला रंग लावा, पोपडे सुटतात.

८. चित्रकार आपल्यातला घ्यावा की बाहेरचा?

आपल्यातला असेल तर तो नंतरही भेटतो, पण त्याला कुठल्या तरी बाजूचा समजलं जातं. बाहेरचा तटस्थ वाटतो, पण काम झालं की निघून जातो. माझा कल दोन्ही प्रकारचे कलाकार एकत्र घेण्याकडे आहे, शक्य असेल तर दोन्ही गटांतला एकेक आणि बाहेरचा एक. आणि तिघांनाही मानधन. सलोख्याचं काम आहे म्हणून फुकट करा, असं कलाकाराला म्हणू नये.

९. झालेल्या हिंसेवर काम केलं तर जखमा पुन्हा उघड्या पडणार नाहीत का?

पडू शकतात, आणि ही भीती गांभीर्यानं घ्यायला हवी. पण गप्प राहिल्यानं त्या भरतातच असं नाही. बॉस्टनच्या चार्ल्सटाउन भागात खून होत, पण साक्ष द्यायला कुणी पुढे येत नसे. गप्प राहणं हाच तिथला अलिखित नियम होता. १९९८ मध्ये क्रिस्तोफ वोदिच्को यांनी तिथल्या बंकर हिल स्मारकाच्या उंच मनोऱ्यावर रात्री खून झालेल्या तरुणांच्या आयांचे चेहरे आणि आवाज प्रक्षेपित केले. घराच्या चार भिंतींत जे बोललं जात नव्हतं ते गावातल्या सर्वांत मानाच्या दगडानं बोलून दाखवलं.

कोलंबियात २०१६ च्या शांतता करारानंतर फार्क या बंडखोर संघटनेनं खाली ठेवलेली ३७ टन शस्त्रं वितळवली गेली आणि डोरिस साल्सेदो यांनी त्यातून फरशा घडवल्या. त्या फरशांचे साचे ठोकून तयार केले ते युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी. बोगोतामध्ये २०१८ पासून ती जमीन आहे, तिच्यावरून चालता येतं. त्या स्त्रियांना कुणी स्टेजवर उभं करून हकीकत सांगायला लावलं नाही. त्यांच्या हातात हातोडा होता. कथा काढून घेणं आणि हातात साधन देणं यांतला फरक इथे नीट पाहता येतो.

तुम्ही असं काम करत असाल तर समुपदेशक पहिल्या दिवसापासून सोबत हवा. सांगणाऱ्याला कधीही थांबण्याचा आणि सांगितलेलं परत घेण्याचा हक्क हवा, चित्र पूर्ण होत आल्यावरसुद्धा. लहान मुलांकडून त्यांनी पाहिलेल्या हिंसेची चित्रं काढून घेऊन ती प्रदर्शनात मांडू नका.

१०. पीडितांमध्येच एकमत नाही. कुणाचं ऐकायचं?

दोघांचं, आणि सरसकट उपाय लादायचा नाही. गुंटर डेमनिग या जर्मन कलाकारानं १९९० च्या दशकात नाझी राजवटीच्या बळींच्या घरांसमोर पदपथात पितळी पाटीचे छोटे दगड बसवायला सुरुवात केली. दहा सेंटिमीटरचा चौरस आणि त्यावर एकेक नाव. युरोपभर असे एक लाखाहून अधिक दगड बसले आहेत, आणि कित्येक बळींच्या वंशजांनी ते स्वतः मागून घेतले आहेत. पण म्युनिकमधल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोट क्नोब्लोख यांनी ठाम विरोध केला: ज्यांना पायाखाली तुडवलं त्यांची नावं पुन्हा पायाखाली नकोत. शहरानं सार्वजनिक जागेत हे दगड बसवू दिले नाहीत. पुढे २०१८ पासून तिथे नजरेच्या उंचीवर भिंतीवरच्या पाट्या आणि छोटे खांब बसू लागले. पाट्या वर गेल्या, पण नावं दाराशीच राहिली. दोन्ही बाजूंचं दुःख खरं असतं तेव्हा अशी तिसरी वाट शोधण्यात वेळ घालवणं योग्यच.

नावांचा क्रम हीसुद्धा साधी बाब नसते. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकावर माया लिन यांनी नावं वर्णानुक्रमे लावली नाहीत. ती मृत्यूच्या वा बेपत्ता होण्याच्या दिवसानुसार लावली. त्यामुळे एकाच लढाईत गेलेले सोबती शेजारी आले.

११. परवानगी मिळाली आहे. आणखी काय लागतं?

जागेच्या मालकाची आणि स्थानिक प्रशासनाची लेखी परवानगी लागतेच. पण लोकांची संमती ही वेगळी गोष्ट आहे. न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी चौकात १९८१ मध्ये रिचर्ड सेरा यांची १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत सगळ्या रीतसर मंजुऱ्या घेऊन उभी राहिली. आसपासच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या अनेकांना रोज तिला वळसा घालून जावं लागे. जाहीर सुनावणी झाली, खटले झाले आणि १९८९ मध्ये ती कापून हलवली गेली. सेरा मोठे शिल्पकार होते, यात वाद नाही. पण रोज तिथून चालणाऱ्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं.

१२. भिंतीवर आधीच एका गटाचं चिथावणीखोर चित्र आहे. किंवा चौकात वादग्रस्त पुतळा आहे. काढून टाकायचा का?

चित्र असेल तर ते रातोरात पुसू नका. ज्यांनी ते काढलं त्यांच्या दृष्टीनं तो हल्लाच ठरतो, आणि पुढचं चित्र आणखी उग्र येतं. उत्तर आयर्लंडच्या कला परिषदेनं २००६ मध्ये सुरू केलेल्या योजनेत सशस्त्र संघटनांची, बंदूकधाऱ्यांची चित्रं बदलण्यासाठी त्या त्या वस्तीशीच बोलणी करून नवी चित्रं करायला मदत दिली गेली. ज्यांची भिंत, त्यांनीच नवं काय ते ठरवायचं. जुन्या चित्रात एखाद्या गेलेल्या माणसाचं नाव वा चेहरा असेल तर त्याच्या घरी आधी जा.

पुतळ्याचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण त्याच्यामागे सत्ता असते. अमेरिकेतल्या रिचमंड शहरात, तिथल्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या सेनापती रॉबर्ट ई. लीचा पुतळा १८९० पासून उभा होता, तो २०२१ मध्ये उतरवला. त्याच शहरात २०१९ पासून केहिंदे वायली यांचा घोड्यावर बसलेल्या आजच्या कृष्णवर्णीय तरुणाचा पुतळा आहे, तशाच राजेशाही थाटातला. जुन्याला उत्तर देणारं नवं उभारणं हा एक मार्ग आहे. पण ज्यांचा अपमान रोज त्या चौथऱ्यावर उभा आहे त्यांना ‘तुम्ही फक्त शेजारी चित्र काढा’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. हटवायचं की नाही हा प्रश्नही चर्चेत खुला ठेवावा.

१३. आमचं चित्र कुणी तरी विद्रूप केलं. आता?

आधी फोटो काढून ठेवा आणि मग लवकर दुरुस्त करा. काही दिवस तसंच राहिलं तर ‘हे आता कुणाचं नाही’ असा निरोप जातो. शेवटी पारदर्शक संरक्षक थर दिलेला असेल तर पुष्कळदा वरचा रंग धुऊन निघतो, म्हणून तो खर्च सुरुवातीलाच धरा. दुरुस्ती दोन्ही गटांतल्या माणसांनी मिळून, दिवसाढवळ्या करावी.

पण काय लिहिलं आहे तेही वाचा. नुसती शिवी आहे की बैठकीत राहून गेलेली तक्रार? ज्यांची नावं घ्यायचं दोन्हीकडचे टाळत होते (प्रश्न ३) त्यांच्यापैकीच कुणी असण्याची शक्यता मोठी. तक्रार खरी असेल तर दुरुस्तीत तिला जागा देता येते.

१४. कायमचंच केलं पाहिजे का? एका दिवसाच्या कामाचा काय उपयोग?

कित्येकदा एका दिवसाचंच काम जास्त बोलतं. बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत, ६ एप्रिल २०१२ रोजी, युद्धात शहराला पडलेला वेढा सुरू झाल्याला वीस वर्षं झाली तेव्हा, मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. मारल्या गेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक. मुलांच्या खुर्च्या लहान होत्या. २०१९ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामधल्या पोलादी कुंपणातून गुलाबी सी-सॉ घातले गेले. दोन्हीकडची मुलं त्यावर बसली आणि तासाभरात ते काढलेही गेले.

डेरीतलं उदाहरण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. २०१५ मध्ये डेव्हिड बेस्ट यांनी दोन्ही समाजांतल्या लोकांना हाताशी धरून टेकडीवर नक्षीदार लाकडी मंदिर उभारलं. लोकांनी आत येऊन गेलेल्यांची नावं, निरोप, मनातल्या गोष्टी लिहून ठेवल्या. मग ते ठरवून जाळलं. त्या गावात होळ्या पेटतात त्या एकमेकांना डिवचण्यासाठी, दुसऱ्याचे झेंडे जाळण्यासाठी. तीच आग इथे दोघांनी मिळून, दोघांच्या दुःखासाठी पेटवली.

१५. पैसे सरकार किंवा एखादी कंपनी देते आहे. घ्यावेत का?

अटी वाचून घ्या. विषय कोण ठरवणार, मंजुरी कुणाची, भिंतीवर बोधचिन्ह किती मोठं, आणि अमुक तारखेलाच उद्घाटन हवं का, हे चार प्रश्न आधी विचारा. तारखेची अट दिसायला साधी असते, पण संवाद नेमका तिथेच चिरडला जातो. ज्या अन्यायाबद्दल लोक बोलणार आहेत त्यात पैसे देणाऱ्याचाच हात असेल तर नाही म्हणा.

यशाचीही किंमत असते. कोलंबियातल्या मेडेयीनमधला कोमुना १३ हा भाग २००२ च्या लष्करी कारवाईनं हादरला होता. तिथल्या तरुणांनी चित्रांतून आणि हिप-हॉपमधून ती आठवण जागी ठेवली. आज तिथे पर्यटकांची रीघ असते. रोजगार आला, त्याबरोबर गर्दी आली, आणि चित्रांमागची आठवण मागे पडते की काय ही काळजीही आली. आलेला पैसा वस्तीत कसा राहील हे आधी ठरवलेलं बरं.

१६. परिणाम झाला हे कसं कळणार?

‘चित्र आवडलं का’ या प्रश्नानं कळत नाही. फिलाडेल्फियात भित्तिचित्रं आणि मानसिक आरोग्य यांना जोडणाऱ्या प्रकल्पाचा येल विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला. शेजारी एकमेकांवर किती विसंबतात आणि परिसरासाठी मिळून पाऊल उचलतात का, हे त्यांनी मोजलं, आणि त्यात वाढ दिसली.

तुमच्या पातळीवर प्रश्न ४ मधला नकाशाच पुन्हा भरून घ्या, काम संपल्यावर आणि वर्षभरानं. लाल भाग हलला का ते पाहा. पुढचं छोटं भांडण झालं तेव्हा कुणी कुणाला फोन केला, हेही विचारा.

१७. हे काम कधी करूच नये?

सहभागी झाल्याबद्दल माणसाला मार बसू शकत असेल आणि तुम्ही त्याला वाचवू शकत नसाल, तेव्हा. चौकशी किंवा भरपाई टाळण्यासाठी कुणाला तुमचं चित्र हवं असेल, तेव्हा. आणि एका गटाकडून फक्त माफीची अपेक्षा असेल, तेव्हाही. आधी सुरक्षितता आणि न्याय यांची बोलणी होऊ द्या.

हिंसा चालू असताना मात्र काहीच करू नये असंही नाही. केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर दंगली उसळल्या तेव्हा किबेरा वस्तीतला सोलो सेव्हन हा चित्रकार भिंतींवर आणि दुकानांवर शांततेची हाक लिहीत फिरत होता. तो तिथलाच होता, धोका स्वतः पत्करत होता, दुसऱ्या कुणाला पुढे करत नव्हता. बाहेरून आलेल्यांनी त्याचं अनुकरण करू नये.

१८. काही वर्षांनी लोक म्हणतात, हे पुसून नवं काढू. चालेल का?

आधी हक्क पाहा. अनेक देशांत कलाकृती विकली तरी तिची नासधूस होऊ नये हा कलाकाराचा नैतिक हक्क उरतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं होतं. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये सहगल यांच्या बाजूनं निकाल दिला. न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीवरची चित्रं २०१३ मध्ये रातोरात चुन्यासारखी पांढरी केली गेली, तेव्हा कलाकारांना ६७ लाख डॉलरहून अधिक भरपाई मिळाली. म्हणून चित्र किती काळ राहील, डागडुजी कोण करील आणि बदलायचं झाल्यास कुणाला विचारायचं, हे सुरुवातीच्या करारातच लिहा.

हक्काची अडचण नसेल तर नवं काढायला हरकत नाही. ज्या मुलांनी जुन्या चित्राचे चौकोन रंगवले ती आता मोठी झाली असतील. त्यांना बोलवा, जुन्या चित्राचे नीट फोटो घ्या, आणि प्रश्न ३ पासून पुन्हा सुरुवात करा. मागच्या वेळी न आलेल्यांच्या घरी या वेळी सर्वांत आधी जा.